बाबुराव ओव्हाळ पाचशे वीस पत्ते काढतात

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्यापुढे पत्त्यांचा एक जोड आहे. बावन्न पत्ते. जोकर बाजूला काढलेत, त्यांचं इथे काम नाही. जोड नीट पिसायचा, न बघता एक पत्ता ओढायचा, कोणता आला ते वहीत लिहायचं आणि पत्ता परत जोडात घालायचा. पुन्हा पिसायचं, पुन्हा ओढायचा. बदाम येण्याची शक्यता किती? बावन्नात तेरा बदाम, म्हणजे चारांत एक. पत्ता परत ठेवलाय, म्हणून दुसऱ्या वेळीही चारांत एक. शंभराव्या वेळीही चारांत एक. आणलंत डोळ्यांसमोर? किती सोपं आहे, नाही का?

बाबुराव ओव्हाळांनाही ते सोपंच वाटलं होतं. रविवारी जेवणं आटोपली की नातीला घेऊन बसायचं, पाचशे वीस वेळा पत्ता काढायचा, एकशे तीसच्या आसपास बदाम येतात हे तिला दाखवायचं, तक्ता रंगवायचा आणि चहाला मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात त्या पाचशे वीस पत्त्यांपायी दोन आठवडे, तीन अर्ज, शाळेचा एक शिक्का आणि सोसायटीच्या कार्यकारिणीची एक तातडीची बैठक खर्ची पडली. तरीही पत्ते काढून झाले नाहीत ते नाहीतच.

त्यांची नात मैत्री आठवीत होती. शाळेत गणिताचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिच्या वाट्याला हा पत्त्यांचा प्रयोग आला होता. एरवी बाबुरावांनी हसतहसत करून घेतला असता. पण घरात त्याआधीच एक तह झाला होता. सून निकिताचं म्हणणं, मैत्रीला आता क्लास लावायला हवा. बायपासपाशी एका काचेच्या इमारतीत फाउंडेशन बॅच होती, रोज संध्याकाळी पाच ते आठ.

"बाबा, तुम्ही छान शिकवता, पण आता कॉम्पिटिशन वेगळी आहे," निकिता म्हणाली होती.

त्यातलं 'छान' बाबुरावांना लागलं. भाजी छान होते, पडदे छान असतात. त्यांनी मान हलवली आणि तह मान्य केला: प्रदर्शनात प्रयोग नीट झाला तर मैत्री घरीच शिकेल. नाही झाला तर सोमवारपासून क्लास.

पाच ते सात ही शिकवण्याची वेळ बाबुरावांची होती. खराडीच्या त्या अकराव्या मजल्यावर उरलेले बावीस तास ते कुणाच्या ना कुणाच्या वाटेत असायचे. कामवाल्या बाईंच्या फरशीच्या फडक्याच्या, मुलाच्या, समाधानच्या, चार्जरच्या, निकिताच्या योगासनांच्या चटईच्या. पाच ते सात मात्र ते टेबलाच्या एका बाजूला बसत, मैत्री दुसऱ्या बाजूला, आणि दोन तास कुणी त्यांना "बाबा, जरा सरकता का?" म्हणत नसे.

आता बाबुरावांबद्दल एवढंच सांगतो, की खडकीच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटमधून ठरावीक नग काढायचे, पारखायचे, काही डागून बघायचे. डागलेला नग परत खोक्यात जात नाही, हे तुम्हालाही पटेल. आणि न डागताच ज्याच्यात खोट दिसली, तो अंगातल्या खाकी जाकिटाच्या डाव्या खिशात जायचा, तोही कायमचा. त्यामुळे मैत्रीने प्रश्न वाचून दाखवला तेव्हा ते दचकलेच.

"परत ठेवायचा? तपासून झालेला?"

"हो आजोबा. तेच तर आहे त्यात."

"मग तपासला कशाला?"

"आजोबा!"

बाबुरावांनी तत्त्वाला मुरड घातली. शिक्षकाला हे करावं लागतं.

पहिली अडचण पत्त्यांची. शेजारच्या मॉलमध्ये जे पत्ते होते त्यांवर राजा-राणीच्या जागी कार्टूनमधली अस्वलं होती. म्हणून बाबुराव दोन बस बदलून कसबा पेठेत गेले. एका बोळात त्यांच्या माहितीचं जुनं दुकान होतं. दुकानदार पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही.

"पत्त्यांचा जोड आहे का?"

"आहे."

"एक द्या."

"एका जोडात काय खेळणार? रमीला दोन लागतात."

"खेळायचं नाही हो. एक पत्ता काढायचा, बघायचा आणि परत ठेवायचा. पाचशे वीस वेळा."

दुकानदाराने आता पेपर खाली केला. "मग विकत कशाला नेताय? इथेच बसा. काढून, बघून, परत ठेवून जाणारी माणसंच येतात या दुकानात."

बाबुरावांनी जोड घेतला. घेताना सवयीने वरचा पत्ता उन्हात धरून पाहिला. लाल शाई किंचित सरकलेली होती. चौतीस वर्षांची जीभ वळवळली, पण दुकानदाराने पेपर पुन्हा वर केला होता.

दुसरी अडचण जागेची. रविवारी ते आणि मैत्री जेवणाच्या टेबलावर बसले. पहिल्यांदा जोड पिसला, तोच पलीकडच्या खोलीतून समाधान कानातलं यंत्र हाताने झाकत बाहेर आला.

"बाबा, क्लायंट विचारतोय, मागे कबुतरं आहेत का?"

"रविवारी क्लायंट?"

"त्यांच्याकडे रविवार नसतो, बाबा. आणि हे हाताने कशाला करताय? मी दोन ओळींचा कोड लिहितो. दहा लाख वेळा पत्ता काढून देतो, चार सेकंदांत."

"आणि मैत्रीला काय कळेल?"

"उत्तर कळेल ना!" समाधान म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तेव्हा ठरलं की खाली क्लबहाऊसमध्ये बसायचं. क्लबहाऊसच्या दारावर पाटी होती: 'येथे पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे. कृपया कारण विचारू नये.' सोसायटीचे सचिव श्यामसुंदर निवृत्त बँक अधिकारी होते. ज्या कामाला अर्ज नाही ते काम झालंच नाही, अशी त्यांची धारणा होती. बाबुरावांनी सगळं समजावून सांगितलं. श्यामसुंदरांनी एक छापील कागद पुढे केला.

"यात खेळाचा प्रकार लिहा."

बाबुरावांनी लिहिलं: संभाव्यता.

श्यामसुंदरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "हा खेळ आपल्या यादीत नाही, ओव्हाळसाहेब. कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, टेबल टेनिस आहे, पण त्याचं टेबल नाही."

"हा खेळ नाही. अभ्यास आहे."

"अभ्यासाला लायब्ररी आहे."

"मग लायब्ररीत बसू?"

"तिथे आवाज करायला मनाई आहे. पत्ते पिसल्यावर आवाज येतो, असं तुमच्या मजल्यावरूनच कळलंय."

शेवटी शाळेचं पत्र आणायचं ठरलं. शाळेने पत्र दिलं, पण शिक्का विसरली. शिक्का आणला, तर पत्रात दिवस लिहिलेले नव्हते. बाबुराव एका आठवड्यात तीनदा शाळेत गेले. तिसऱ्यांदा शिपायाने त्यांना न विचारताच खुर्ची दिली. मग दुसरा अर्ज, आणि एकदाची परवानगी मिळाली: सोमवार ते शुक्रवार, चार ते पाच, आणि कार्यकारिणीचा एक सदस्य निरीक्षक म्हणून हजर पाहिजे. दिवसाला एकशे चार पत्ते, पाच दिवसांत पाचशे वीस. शनिवारी प्रदर्शन. बाबुरावांनी कागदावर मांडून पाहिलं, अगदी काठोकाठ बसत होतं.

निरीक्षक म्हणून आले हिंदुराव. सोसायटी उभी राहिली ती जमीन मूळची हिंदुरावांची. आता त्यांचे इथे चार फ्लॅट होते आणि करायला काही नव्हतं. दारावरची ती पाटी त्यांच्यामुळेच लागली होती, हे कारण न विचारताही सगळ्यांना माहीत होतं.

"हितं माझी ज्वारी हुती सायेब, तुमी बसलाय तितं," खुर्चीत मांडी घालत हिंदुराव म्हणाले. "चालू द्या. काय खेळताय?"

"खेळत नाही. पत्ता काढतो आणि परत ठेवतो."

हिंदुराव बराच वेळ बघत राहिले. दहा पत्ते झाले, वीस झाले. "सायेब, राग मानू नका. पण काढलेला पत्ता माणूस परत ठिवतो व्हय? हातात आलेलं सोडायचं म्हंजी..." त्यांनी जमीन विकली तो दिवस त्यांना आठवला असावा.

पद्धत अशी होती: पिसायचं आणि काढायचं बाबुरावांनी, कारण नमुना काढणं हे तपासनीसाचं काम. मैत्रीने मान खाली घालून वहीत रेघ ओढायची. नेमाने चार वाजता बाबुराव खाकी जाकीट चढवून खाली उतरत. ते जाकीट घातलं की पाठ ताठ राहते, असं ते म्हणत.

सोमवारी बदाम चोवीस आले. यायला हवे होते सव्वीस.

"चालायचंच," बाबुराव म्हणाले. "चारांत एक म्हणजे दर चाराला एक अशी हजेरी नसते. थोडं कमी, थोडं जास्त. पत्ते वाढतील तसं बरोबर जुळत जाईल. धीर धर."

मंगळवारी वीस आले.

"आजोबा, कमी होतायत."

"धीर धर," बाबुराव म्हणाले, पण जिना चढताना मध्ये थांबले. लिफ्ट होती, हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बुधवारी सतरा. तीन दिवसांचे अठ्ठ्याहत्तर व्हायला हवेत, तिथे एकसष्ट. निकिताने जेवताना सहज विचारलं, "कसं चाललंय प्रोजेक्ट?" मैत्री म्हणाली, "छान." बाबुरावांनी आमटीत पाणी ओतलं आणि ते पाणी आहे हे त्यांना दोन घास खाल्ल्यावर कळलं.

गुरुवारी चाळीस पत्ते झाले तेव्हा हिंदुरावांना राहवेना. "द्या हिकडं. पिसायचं कसं दावतो." त्यांनी जोड हातात घेतला, अंगठ्याने एकदा फुरर्र केलं आणि थांबले. पुन्हा तळहातावर तोलला.

"सायेब, ह्यो जोड हलका हाय."

"म्हणजे?"

"बावन्नचा न्हाय ह्यो. चव्वेचाळीस, पंचेचाळीस."

मोजले. पंचेचाळीस निघाले. सात पत्ते गायब, त्यांत पाच बदाम. वही मैत्रीच्या हातातून खाली पडली.

बाबुरावांचं रक्त तापलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक टाचणी हरवली नव्हती. त्यांनी एकदा हिंदुरावांकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने नुसत्या हाताने पत्ते मोजले त्याच्याबद्दल त्यांच्या मनात जे आलं, ते आज त्यांना आठवायला आवडत नाही. त्यांनी थेट श्यामसुंदरांना गाठलं.

"क्लबहाऊसमधून सात पत्ते चोरीला गेलेत. तपास झालाच पाहिजे. कॅमेरा बघा."

"कॅमेऱ्याचं चित्रण बघायला अर्ज लागतो."

"द्या!"

अर्ज भरला, तातडीची बैठक झाली, म्हणजे श्यामसुंदरांनी हिंदुरावांना विचारलं आणि हिंदुराव "बघू की" म्हणाले. मग सुरक्षारक्षकाच्या खोलीत चौघेजण दाटीवाटीने उभे राहिले. पडद्यावर सोमवार दुपार सुरू झाली. करड्या रंगाचे बाबुराव पिसत होते, करडी मैत्री लिहीत होती, हिंदुराव डुलक्या घेत होते. बाबुरावांनी पत्ता काढला, पाहिला, ठेवला. काढला, पाहिला, ठेवला. काढला. जरा डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने कडेवरून फिरवला. आणि मग तो करडा माणूस, पाठ ताठ ठेवून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, तो पत्ता जाकिटाच्या डाव्या खिशात घालून मोकळा झाला.

रक्षकाने अदबीने चित्र थांबवलं.

"ओव्हाळसाहेब," श्यामसुंदर हळूच म्हणाले, "खिसा."

बाबुरावांनी डावा खिसा चाचपला. पाच बदाम आणि दोन चौकट निघाले. सातही पत्त्यांवर लाल शाई किंचित सरकलेली. हाताने आपलं काम चोख केलं होतं, नापास माल बाजूला काढला होता. कुणाला विचारलं मात्र नव्हतं, मालकालासुद्धा.

"चोर गावला म्हणायचा," हिंदुराव म्हणाले. मग बाबुरावांचा चेहरा बघून गडबडीने पुढे बोलले, "न्हाय, म्हंजी हात एक नंबर हाय सायेबांचा. मी समोर बसून मला कळलं न्हाय. आमच्यात या बसायला."

यापेक्षा त्यांनी चोर म्हटलेलं बरं होतं.

आता बाळांनो, नुकसान किती ते बघा. कोणता पत्ता कितव्या वेळी खिशात गेला हे माहीत नाही. त्यानंतर जोडात बावन्न नव्हते, बदाम तेरा नव्हते, म्हणजे शक्यता चारांत एक नव्हती. साडेतीन दिवसांचे पत्ते वाया. चित्रण पुन्हा पाहून हिशेब लागला असता, पण दुसऱ्यांदा पाहायला वेगळा अर्ज होता आणि त्यावर निर्णय पुढच्या मासिक सभेत होणार होता.

शुक्रवारी बाबुराव खाली उतरलेच नाहीत. दुपारपासून दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चार वाजता मैत्री शाळेतून आली, सातही पत्ते परत घातलेला जोड घेऊन उभी राहिली आणि परत गेली. साडेपाचला निकिता ऑफिसमधून लवकर आली. उद्या प्रदर्शन होतं. टेबलावर तिने पर्समधून काढून क्लासचा फॉर्म ठेवला. एका बाजूला छापलेला होता, नावाची जागा अजून रिकामी होती. मग तिने सगळी हकिकत ऐकली. ती हसली नाही. हसली असती तर बाबुरावांना सोपं गेलं असतं.

"बाबा, जाऊ दे ना," ती दिवाणाजवळ येऊन म्हणाली. "पाचशे वीसला एकशे अठ्ठावीस लिहून टाकू. उत्तर माहीतच आहे. कोण मोजतंय?"

बाबुरावांनी एकदा एका नगासाठी अख्खा लॉट परत पाठवला होता. वरच्या साहेबाने तीन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी सही केली नव्हती. हे सगळं आता तिला सांगायचं, तर उठून बसावं लागलं असतं. पाय दुखत होते. शाळा, कसबा पेठ, खिसा, सगळं एकदम दुखत होतं.

"मैत्री," भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "आई म्हणते तसं लिही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग पत्ते पिसल्याचा. तिला पिसणं बेताचंच जमत होतं, दोन पत्ते खाली पडले.

"आई, बस. तू काढ."

"मी? मला सहाला कॉल आहे."

"पाचच पत्ते. बघून सांग आणि परत ठेव."

निकिताने पर्स खाली ठेवली. खुर्ची ओढून फॉर्मवर कोपर टेकवलं. "बदाम."

मैत्रीने पेनाने स्वतःच्या तळहातावर रेघ ओढली. पत्ता परत, पिसणं, पुन्हा पत्ता.

"बदाम. अरे!" पुन्हा. "बदाम! मैत्री, तीनदा ओळीने. आता नाही येणार हं. लावतेस पैज?"

"आई, जोडात एकूण बदाम किती?"

"तेरा."

"तू काढलेले तीन कुठेत?"

"परत ठेवले ना मी."

"मग आत्ता आत किती आहेत?"

"तेरा."

"आणि पत्ते?"

"बावन्न." ती कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करायची, आणि तिच्या आवाजात आता स्वतःची सापडल्याचा सूर होता. "म्हणजे चारांत एक. पहिल्यासारखंच. पण ओळीने तीन आले म्हटल्यावर वाटतं ना की..."

"कुणाला वाटतं? तुला की पत्त्यांना?"

दिवाणावर बाबुरावांनी डोळे उघडले. समोर भिंतच होती. उत्तर सांगायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा, आणि समोरच्याला तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी चालू द्यायचं. एवढंच तर ते या टेबलावर दोन वर्षं करत आले होते. त्यांनी कूस बदलली नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला.

निकिताने चौथा काढला. "चौकट! बघ, म्हटलं नव्हतं?"

"चार वेळांतून तीन वेळा तू म्हणशील तसंच होणार, आई. बदाम सोडून बाकीचे तीन आहेत."

निकिताने पाचवा काढला, किलवर. तिने तो हातात धरून ठेवला.

"हे तुला कुणी असं समजावलं?" तिने विचारलं, आणि विचारतानाच दिवाणाकडे पाहिलं.

आतून समाधान ओरडला, "निकिता, सहा वाजले, सगळे जॉइन झालेत!"

"तू घे तो कॉल," निकिता म्हणाली.

"पण तुझी टीम..."

"घे म्हटलं ना!"

मैत्रीने आईच्या हातातला किलवर काढून जोडात घातला. तळहात भरत आला होता. तिने आईच्या कोपराखालचा क्लासचा फॉर्म हळूच ओढून घेतला, आई बघते आहे हे बघून उलटा केला, कोऱ्या बाजूवर पट्टीने चार रकाने आखले, तळहातावरच्या पाच रेघा त्यांत उतरवल्या आणि जोड पुढे सरकवून म्हणाली, "सहावा काढ, आई."